उष्टा प्याला

टण् असा बारीक आवाज झाला आणि तिच्या हातातला प्याला एकदम जड वाटला. ईस्टरची सकाळ होती, चर्च गच्च भरलं होतं, ऑर्गन वाजत होता आणि मागे कुठेतरी एक मूल बाकाच्या पायावर बूट आपटत होतं, त्यामुळे तो आवाज दोघांनाच ऐकू आला असणार: तिला, आणि ज्यांच्या तोंडातून तो निघाला त्या तिच्या वडिलांना. वडील पहिल्या बाकाशेजारी चाकांच्या खुर्चीत बसले होते. प्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि सोडत नव्हते. त्यांचा वरचा ओठ आत गेला, गाल बसले, आणि बघता बघता चेहऱ्याचा वरचा मजला खाली आला. आत डोकावायची तिला गरज नव्हती, त्या कवळीचं माप तिनेच घेतलं होतं. तरी तिने डोकावून बघितलं. लाल रसात कवळी उताणी पडली होती आणि टाळूच्या खाचेत सकाळच्या पावाचा भिजलेला गोळा तसाच होता. तो हळूहळू सुटून वर तरंगायला लागला.

ती दातांची डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण तिचं वीस वर्षं उत्तम भरलं होतं. समोर रांगेत गुडघे टेकून बसलेल्यांपैकी निम्मेअधिक लोक कधी ना कधी तिच्या खुर्चीत आ वासून बसून गेलेले. म्हणूनच प्रभुभोजनाचा प्याला धरायचं काम आपल्याकडे येऊ नये अशी तिची फार इच्छा होती. ते काम घड्याळदुरुस्तीवाल्या काकांचं. ते तापाने पडले, आणि नव्या पाळकांनी शनिवारी दवाखान्यात येऊन विचारलं, तुम्ही धराल का. माजी पाळकांची मुलगी म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. तिने हो म्हटलं आणि त्या क्षणापासून तिला तोंडं दिसायला लागली. बँकेतले कॅशियर, हिरडी दाबली की पू येतो. फुलं सजवणाऱ्या बाई, ओठाच्या कोपऱ्यात दर वसंतात उठणारा फोड, या वर्षीही वेळेवर हजर. गाणं शिकवणारे मास्तर, पुढच्या दाताच्या टोपीखाली कुजलेलं मूळ, काढा म्हटलं तर आवाज जाईल म्हणतात. एकाच कडेला सगळे ओठ लावणार, आणि ती प्रत्येकानंतर पांढऱ्या फडक्याने कड पुसून प्याला बोटभर फिरवणार. पुसल्याने काय होतं हे जगात दुसऱ्या कुणाला माहीत नसलं तरी तिला माहीत होतं. पुसल्याने ते सगळीकडे सारखं पसरतं. आणि एवढ्यावर संपत नव्हतं. या चर्चची रीत अशी, की आशीर्वाद झालेला द्राक्षारस उरला तर तो मोरीत ओतायचा नाही. उरेल तो पिऊन संपवायचा. पूर्वी पाळकच संपवत. पण नव्या पाळकांचं यकृत बिघडलेलं, त्यांना थेंबही चालत नव्हता, म्हणून प्याला धरणाऱ्याने संपवायचा असं ठरून गेलं होतं. म्हणजे ऐंशी तोंडांचं उष्टं. तिने पाळकांना रस बेताचाच ओता असं सुचवूनही पाहिलं होतं. ते हसून म्हणाले होते, सणाचा दिवस आहे, डॉक्टर, कमी पडायला नको.

किळस हा तिचा स्वभावच होता, आणि तो तिने आयुष्यभर धंद्याखाली झाकून ठेवला होता. हातमोजे दोन, मास्क, वर काचेचा चष्मा. लोकांना वाटे बाई स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर आहे. खरं म्हणजे मोज्याच्या आत असलं की तिला माणसं बरी वाटत. दोन वर्षांपूर्वी वडील तिच्याकडे राहायला आले तेव्हापासून मात्र ते झाकण सरकलं होतं. आधी ते वस्तू विसरले, मग रस्ते, मग माणसं. मग गिळायचं विसरू लागले. घास गालात धरून बसत आणि तासाभराने तो उशीवर सापडे. ती त्यांना भरवताना हातमोजे घालू लागली. मग मास्कही. मग एक दिवस ती कवळी काढायला त्यांच्या तोंडात बोटं घालत असताना ते अगदी अदबीने म्हणाले, "डॉक्टर, जरा हळू." त्या दिवसापासून ती त्यांची डॉक्टरच राहिली. मुलगी कुठे गेली असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. दुसरी कुणी असती तर रडली असती. तिला मेलं सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची पुन्हा वेगळी किळस आली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगितलं होतं की वेळ पुरत नाही. थोरल्या भावाला सांगितलं होतं की कंबर धरते. भाऊ लांब राहायचा, पण कामाचा माणूस. त्याने चार फोन करून एक चांगला वृद्धाश्रम शोधला, खोली नक्की केली, आणि आश्रमाची गाडी सोमवारी सकाळी नऊला येईल असं कळवूनही टाकलं. सोमवार म्हणजे उद्या. भाऊ बोलताना कधीही 'आश्रमात टाकणं' असं म्हणायचा नाही. तो 'सोय' म्हणायचा. आज सकाळी वडिलांना तयार करताना तिच्या मनात तेच होतं, उद्यापासून हे तोंड आपल्याला उघडायला लागणार नाही. कवळी चिकटवायची पूड हातात होती. पूड लावायची तर टाळूवर बोट फिरवावं लागतं. आज एक दिवस राहू दे, असं ती मनाशी म्हणाली आणि कवळी नुसतीच आत सरकवून दिली. तिनेच.

सगळा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा असेल. तिने फडकं प्याल्यावर टाकलं, वडिलांची बोटं एकेक करून सोडवली आणि वेदीपाशी गेली. पाळकांनी फडक्याचं टोक उचलून पाहिलं, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण माणूस शहाणा. काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी दुसरा प्याला भरून घेतला आणि ओठ न हलवता पुटपुटले, "राहिलेल्यांना मी देतो. तुम्ही त्यांना घेऊन मागच्या खोलीत जा. आणि ते पिऊ नका हं, डॉक्टर. मागे गुलाबाचं आळं आहे, तिथे ओता. मातीत ओतलं तर चालतं." चालतं. तो शब्द ऐकून तिला एकदम हलकं वाटलं. एका हातात प्याला आणि एका हाताने खुर्ची ढकलत ती वेदीच्या बाजूच्या अरुंद दारातून आत गेली. लोकांनी पाहिलं असणारच. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि ते तर तिने आधीच पाहिले होते.

ती खोली. चाळीस वर्षांत ती या खोलीत मोजून दोनचारदा आली असेल, कारण लहानपणी इथे यायची बंदी होती. उपासना संपली की वडील उरलेला प्याला घेऊन या दाराआड जात आणि बराच वेळ बाहेर येत नसत. आई तिला दारापाशी उभी करून सांगायची, आवाज करू नकोस, बाबा देवाशी बोलताहेत. ती दाराला कान लावायची. आतून शब्द कधी ऐकू आले नाहीत. एक खोल, दाबलेला, घशातून येणारा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. मग पाण्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. आणि मग वडील बाहेर येत, डोळे लालसर, ओले, चेहरा धुतल्यासारखा, आणि अंगाला लवंगेचा मंद वास. देवाशी बोलल्यावर माणूस असा दिसतो आणि त्याला असा वास येतो, हे सहा वर्षांच्या वयात तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे शाळा, कॉलेज, हाडांच्या सापळ्यांवर केलेला अभ्यास, त्यात ते कुठे गळून पडलं ते कळलंही नाही. ती दर रविवारी येत राहिली, नातेवाइकांकडे जावं तशी, तोंडदेखली. गाणी म्हटली, मान खाली घातली. देव गाण्यात भेटला नाही, फुलांत भेटला नाही, आईच्या अंत्यसंस्कारात तर मुळीच भेटला नाही. पण त्या दाराआड एके काळी तो होता, एवढं मात्र तिने कधी खोडून काढलं नव्हतं.

आत आता एक कपाट होतं, पाळकांचे झगे टांगलेली दांडी होती, हात धुवायचं बेसिन होतं आणि बागेकडे उघडणारं दुसरं दार. तिने खुर्ची कपाटाशेजारी लावली, फडकं बाजूला केलं आणि श्वास रोखून प्याल्यात दोन बोटं घातली. मोजे नव्हते. कवळी बुळबुळीत लागली, कोमट. ती बेसिनमध्ये ठेवताना टाळूवरची साय बोटाला चिकटली आणि तिला पहिली ओकारी आली, कोरडी. प्याल्यात अजून चार घोट तरी होते. वर तेलाचा बारीक तवंग, पावाचे कण, लिपस्टिकचा गुलाबी पापुद्रा, आणि मधोमध लाळेची एक तार, जी हलवल्यावरही तुटेना. तिने तो हातभर लांब धरला आणि बागेच्या दाराची कडी काढली.

"नवीन आहात का?" मागून वडिलांनी विचारलं.

ती वळली. गेल्या दोन वर्षांत त्यांनी तिला प्रश्न असा विचारलाच नव्हता. कवळीशिवाय शब्द बोबडे येत होते, पण आवाज पाळकाचा होता, सभेला सरावलेला.

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"वाटलंच. पहिल्या वर्षी हात असेच लांब धरतात सगळे." ते कपाटाकडे बघत होते. "लवंग असते इथे. डावीकडच्या खणात. दाढेखाली धरायची, चावायची नाही. आणि श्वास तोंडाने घ्यायचा. नाकाने घेतलात की मेलात."

तिने कडीवरचा हात काढला नाही. "तुम्हाला..." ती म्हणाली, "तुम्हाला किळस यायची?"

"मला?" ते हसले. दात नसलेलं हसू, नुसत्या हिरड्या. "दर रविवारी. सणाला जास्त, सणाला लोक जास्त येतात ना. इथे, ह्या बेसिनमध्ये ओकलोय मी. घोट गिळायचा, ओकारी दाबायची, परत घोट. अर्धा तास लागायचा. कुणाला बोलू नका. पाळकाला लोकांची किळस येते हे लोकांना चालत नाही."

"नाही बोलणार."

"माझी एक मुलगी आहे." ते एकदम आवाज खाली आणून म्हणाले, आणि बंद दाराकडे, ज्या दारातून ते दोघं आत आले होते त्या दाराकडे, त्यांनी बोट केलं. "आत्ता बाहेर उभी असेल. कान लावून उभी असते. तिला वाटतं आत देव आहे. म्हणून मी आवाज दाबतो. तिला सांगू नका."

दाराआड आत्ता खरोखरच एक सहा वर्षांची मुलगी उभी आहे आणि इथे येणारी आपली प्रत्येक ओकारी ती ऐकते आहे, असं तिला वाटलं. आणि या म्हाताऱ्याचा तिला राग आला, अंगाचा तिळपापड व्हावा तसा राग. आयुष्यात एक गोष्ट तिने जपून ठेवली होती आणि ती काय निघाली, तर बेसिनवर वाकलेला एक माणूस. मग दुसरं काही सुचेना म्हणून तिने आडून विचारलं, "मातीत ओतलं तर चालतं म्हणतात. मग का प्यायचात?"

"चालतं की." गालात काहीतरी शोधत असल्यासारखी वडिलांची जीभ फिरत होती. त्यांचं बोलणं विरलं असं तिला वाटलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मी ओतलंय एकदा. एकदाच. कुणी पाहिलं नाही. पुढच्या रविवारी सगळी येऊन समोर बसली, आणि मला त्यांची तोंडं बघवेनात."

तोंडं. तिच्या धंद्यात त्या शब्दाला एकच अर्थ होता, चेहऱ्यातलं एक भोक, ज्यात दिवा मारायचा. वडिलांनी तो दुसऱ्या अर्थाने वापरला होता, सगळी माणसं वापरतात त्या अर्थाने. तिने कडी सोडली. डावीकडच्या खणात लवंग नव्हती, मेणबत्त्यांचे तुकडे होते आणि एक गंजलेली कात्री. तेव्हा तिने लवंगेशिवायच प्याला तोंडाला लावला. काही पवित्र वगैरे वाटत होतं म्हणून नव्हे. तिला समोरच्या माणसाचं तोंड उद्या नऊ वाजता बघवणार नाही हे कळलं होतं, आणि ते न बघवणं तिला या चार घोटांपेक्षा जास्त घाण वाटलं, एवढंच.

पहिला घोट गोड लागला आणि लगेच मागून कवळी धुवायच्या गोळीचा पुदिन्याचा वास आला. पावाचा एक कण जिभेवर फुटला. तिने तो गिळला. घसा आपोआप उलटा फिरला, डोळ्यांत पाणी आलं, तिने बेसिनची कड धरली आणि ओकारी दाबली. तो आवाज तिने ऐकला. खोल, घशातला, थांबणारा आणि परत येणारा. तोच आवाज. कान दाराला लावून ऐकलेला. आणि तेव्हा खोलीत कुणीतरी आहे असं तिला वाटलं. वडील होते, ते वेगळं. हे फार जवळ होतं, ती रोग्यावर वाकते तेव्हा मनगटावर त्याचा उच्छ्वास लागतो तितकं जवळ. प्रकाशबिकाश काही नाही. उबट, शिळं, तोंडाला वास असलेलं असं काहीतरी, जे तिच्या आधी या कडेला ओठ लावून गेलं होतं आणि ज्याला तिच्या उष्ट्याची, तिच्या ओकारीची, तिच्या दोन मोज्यांची बिलकूल किळस येत नव्हती. देव असा अंगाला अंग लावून येत असेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती आलीच नसती. तिला तो आवडला नाही. मागे सरकावंसं वाटलं, पण मागे बेसिन होतं. तिने दुसरा घोट घेतला, मग तिसरा. लाळेची तार घशातून उतरताना शेवटपर्यंत अखंड होती, ते तिला स्पष्ट कळलं. चौथा घोट राहिला नव्हता. तिने प्याला उलटा करून फडक्यावर ठेवला आणि मग बेसिनमध्ये खरोखरीच ओकली, सगळं नाही, थोडं. वडील मागून शांतपणे म्हणाले, "पहिल्या वर्षी होतं."

बाहेर उपासना संपली होती. ती खुर्ची ढकलत दारातून आली तेव्हा फुलंवाल्या बाई पुढे झाल्या, त्यांनी तिचा हात हातात घेतला. "डोळे बघा कसे झालेत तुमचे," त्या हळव्या आवाजात म्हणाल्या. "देवाने आज तुम्हाला भेट दिली हो." त्यांच्या ओठावरचा फोड आज फुटला होता, त्यातून पाणी येत होतं. ती त्या पाण्याकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली. बाईंना तो नम्रपणा वाटला.

दुपारी तिने वडिलांची कवळी आतून खरवडली, नवा थर भरला, आणि मऊ असतानाच ती त्यांच्या टाळूवर दाबून पाच मिनिटं धरून बसली. थर बसेपर्यंत धरावंच लागतं. त्यांची लाळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली. तिने मान फिरवली, खिडकीबाहेर बघितलं, आकडे मोजले. त्यांना सकाळचं काही आठवत नव्हतं. मधेच ते बोटांभोवतून म्हणाले, "डॉक्टर, हळू," आणि ती म्हणाली, "झालंच, बाबा." बाबा या शब्दावर ते किंचित थबकले.

संध्याकाळ व्हायच्या आत भावाचा फोन आला. "उद्या नऊला गाडी येतेय. कपड्यांवर नाव घालायला विसरू नकोस, तिकडे अदलाबदल होते."

"गाडी नको पाठवू, दादा."

"अगं खोली नक्की झालीये. मी शब्द दिलाय त्यांना."

"त्यांना सांग, नको म्हणून."

"तूच म्हणत होतीस होत नाही. कंबर धरते म्हणत होतीस."

"कंबर नव्हती धरत," ती म्हणाली. "मला त्यांची किळस येते. जेवताना येते, तोंड उघडलं की येते. तुला खोटं सांगितलं."

भाऊ जपून, आजारी माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "मग आता काय, सवय झाली?"

"नाही. आत्ता तासाभरापूर्वी ओकले."

"मग कसं गं करणार तू?"

"चूळ भरते," ती म्हणाली, "आणि परत आत जाते."